एकोणीस धुतलेली पोती

१

दुर्गाबाईला नात झाली, त्या सालची ही गोष्ट. साल २०२३, मार्गशीर्ष महिना. वीरेंद्रच्या लग्नाला सात वर्षं होऊन गेली तेव्हा कुठे रूपालीची कूस उजवली. त्यामुळे बारसं बाराव्या दिवशीच, आणि थाटात, असं दुर्गाबाईनं ठरवून टाकलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी वीरेंद्र आपल्या पिकअपमध्ये चिन्नोर तांदळाची दहा पोती घालून गोंदियाला निघाला. आपल्याच राजेगावच्या, मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या नाक्यापर्यंतच पोचला. घरापासून नाका हाकेच्या अंतरावर. तिथं लष्कराची काळी कुत्री गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि मागच्या फळक्याशी बसली. भुंकली नाही, की दात दाखवले नाहीत. नुसती बसली आणि आपल्या हवालदाराकडे पाहत राहिली.

बघ्यांतला एक जण म्हणाला, "थकली वाटते."

हवालदाराचा चेहरा मात्र बदलला होता. त्यानं ठाणेदारीणबाईंकडे पाहून मान हलवली.

या रस्त्यानं गांजा महाराष्ट्रात जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोण नेतो ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांनी शेवटी लष्कराकडे मदत मागितली, तेव्हा जबलपूरकडून महिनाभरासाठी हवालदार त्र्यंबक आणि त्याची कुत्री मैना आले. त्र्यंबक बालाघाट शहरातलाच, मराठी नोकरदारांच्या घरातला. मैनानं वास दाखवायचा, पोती उघडायची ती पोलिसांनी, असा कायदा होता. त्र्यंबक तो अक्षरशः पाळत असे. संशयिताच्या पोत्याला त्यानं कधी बोटसुद्धा लावलं नाही.

पोलिसांनी ताडपत्री अंथरली आणि दहाही पोती तिच्यावर ओतली. पांढऱ्याशुभ्र तांदळाचा ढीग झाला, नाक्यावर चिन्नोरचा घमघमाट सुटला. गांजाची काडीसुद्धा निघाली नाही.

ठाणेदारीण सुनीतीबाई तरीही म्हणाल्या, "वीरेंद्र, गाडी इथंच राहील. तू पण गाव सोडायचं नाही."

"काहून मॅडम? काही निघालं का?"

"निघालं नाही. पण ही कुत्री उगाच बसत नाही."

२

दुपारपर्यंत गोष्ट गोंदियाला पोचली. रूपालीच्या वडलांचा फोन आला. व्याही भला माणूस, पण घाबरट. प्रकरण मिटेपर्यंत लेकीला आणि नातीला घेऊन जातो म्हणाला.

रूपाली बाजेवरून म्हणाली, "मी नाही जात, आई. पण बारशाले लोक येतीन ते काय बोलतीन?"

दुर्गाबाईनं बाळाच्या अंगावरची गोधडी सारखी केली. "बारसं होईन. पण बापाचं नाव साफ झाल्याबिगर पोरीचं नाव ठेवत नाही मी. तीन दिस आहेत हातात."

"अन् नाही झालं तर?"

"तर पोट्टी बिननावाची राहीन. तिले कुठं आत्ता मतदान कराचं हाये?"

ती हसली, पण पदर खोचून थेट नाक्यावर गेली. दुर्गाबाई सासष्ट वर्षांची. गावातला फाटका बारदाना शिवून द्यायचा, हे तिचं चाळीस वर्षांचं काम. दाभण, सुतळी आणि जुन्या लुगड्याची ठिगळं घेऊन ती ओट्यावर बसली, की गावातलं कोणतं पोतं कोणाच्या घरचं ते नुसत्या ठिगळावरून सांगायची.

मैनाची विश्रांतीची वेळ होती. वीस मिनिटं काम झालं की तिला पाऊण तास आराम द्यावा लागे. "नाक आहे, मशीन नाही," असं त्र्यंबक सगळ्यांना सांगत असे. आरामासाठी खेमराज शेठनं रस्त्याकडेची आपली एक रिकामी पडवी मोकळी करून दिली होती. खाली धानाचं तणस अंथरलेलं, मैनाच्या अंगावर हिरवी लष्करी झूल. समोर, रस्त्यापलीकडे, शेठचं गुरांच्या ढेपेचं दुकान.

"हवालदार," दुर्गाबाई म्हणाली, "खरं सांगजो. तुही कुत्री खोटं बोलते का?"

"आठ वर्षांची आहे, आजी. अजून तरी नाही बोलली."

"माहा पोरगाही नाही बोलत. म्हणजे दोघंही खरे. मंग तिसरं काहीतरी आहे. ते मले दाखव."

त्र्यंबकला हे आवडलं. त्यानं सुनीतीबाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. ताडपत्रीवरचा तांदूळ एका बाजूला, दहा रिकामी पोती दुसऱ्या बाजूला ओळीनं. मैनाची झूल उतरली. ती तांदळावरून नाक फिरवत निघून गेली. मग ओळीत एका पोत्याशी बसली. उठवली, तर दुसऱ्याशी. मग तिसऱ्याशी. उरलेल्या सातांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"वास तांदळात नाही," त्र्यंबक म्हणाला. "या तीन पोत्यांत कधीतरी गांजा भरलेला होता. माणसाच्या नाकाला जात नाही, तिला जातो."

सुनीतीबाईंचा आवाज थंड झाला. "हे तर वीरेंद्रच्या अंगावर आणखीच येतं, आजी. पोती तुमच्याच घरची ना?"

दुर्गाबाईनं तीन पोती उचलून बोटांनी चाचपली. ताग कडक झालेला, वाळलेल्या पापडासारखा. भरताना तिला हे जाणवलं होतं, घाईत ती बोलली नव्हती. ही पोती कोणीतरी साबणानं धुतली होती. अख्ख्या मुलखात कोणी बारदाना धूत नाही. धुतला की ताग कुजतो, हे लहान पोरालाही कळतं.

"माह्या घरची नाहीत," ती हळूच म्हणाली. "पण कोणाची, ते मलेच माहीत नाही. उद्यापर्यंत मले द्या, शोधून आणतो." सुनीतीबाईंनी होकार दिला.

३

रस्त्यापलीकडून खेमराज शेठनं हाक मारली. पांढरा कुर्ता, कपाळाला अष्टगंध, तोंडात कायम गोड शब्द.

"दुर्गाबाई, वीरेंद्राची जमानत लागली तर मले सांगजा, मी उभा राह्यतो. लेकरू गुणाचं आहे."

"इकडं येऊन मॅडमले सांगा ना जी."

"नाही बाप्पा, ते कुत्रं आहे तिथं. मले कुत्र्याचं लय भेव." शेठ हसला. "अन् एक काम करा. ते पोते अपशकुनी आहेत. घरी नेऊ नका, जाळून टाका. बारशाचं घर आहे."

दुर्गाबाई मान हलवून निघाली. पण पोती तिनं बगलेतच धरली होती. जाळायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. चांगला ताग होता, दोन सुगी आणखी निघाल्या असत्या.

घरी येऊन तिनं हिशेब लावला. या गावात बारदाना उसना देतात तो मीठ-साखरेसारखा. दहा दिले, दहा परत आले, झालं. तेच पोतं परत आलं पाहिजे असं कोणी म्हणत नाही. मोजायचं, ओळखायचं नाही. दिवाळीच्या आधी तिनं शेजारच्या जिजाबाईला तीन पोती दिली होती, लाल लुगड्याच्या ठिगळाची. परत आली ती ही तीन, बिनठिगळाची. तेव्हा तिनंही नुसतं मोजलं होतं. चाळीस वर्षं बारदाना ओळखणाऱ्या बाईनं नेमकं त्या दिवशी मोजलं!

जिजाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"जिजा, तू मले परत देल्ले ते पोते कोणाचे?"

"काहून? तीन घेतले, तीन देल्ले. कमी पडले का?"

"कमी नाही पडले. जास्त झाले. त्यापायी माह्या पोट्ट्यावर बालंट आलं."

जिजाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं माय! तुहे पोते तर मी माह्या लेकीच्या घरी धाडले धान भरून. तुले देल्ले ते भावानं देल्ले होते."

"महागूनं?"

"हौ. म्हणे लय आहेत, घेऊन जा." मग जिजाबाई चपापली. "दुर्गे, माहा भाऊ बिडी पेते, शिव्या देते. पण त्याले गांजाफांजा नाही माहीत हो."

४

महागू हमाल होता. खेमराज शेठच्या गोदामात ढेपेची पोती उचलायचा. गोदाम गावाबाहेर, बाघ नदीच्या अंगाला. महागूचं घरही तिकडंच.

दुर्गाबाई पोचली तेव्हा तो अंगणात बसून दाढी करत होता.

"ये दुर्गाबाई! बारशाचं निमंत्रण का?"

"निमंत्रण नंतर. जिजाले देल्ले ते पोते कुठचे?"

वस्तरा गालावरच थांबला. "बाजारातले. लालबर्ऱ्याच्या."

"धुतलेले विकतेत का लालबर्ऱ्याले?"

महागू वस्तरा पाण्यात बुडवून धुऊ लागला. दुर्गाबाईची नजर मात्र त्याच्या मागं गेली. ओसरीच्या कोपऱ्यात नीट घडी घालून पोत्यांचा थर रचला होता. ती सरळ ओसरीवर चढली. चाचपलं. कडक, पापडासारखी. मोजली, सोळा. तिची तीन मिळून एकोणीस.

महागूच्या लग्नात तिनं गाणी म्हटली होती.

"महागू, आत्ता मी नाक्यावर जातो. ते कुत्री आणून इथं बसवतीन. त्याच्या पहिले मले सांग. माहा पोरगा जेलात गेला तर तुहे पोरं तुले बाप म्हणून ओळख देतीन का गावात?"

महागूनं वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच.

"चोरले मी," तो म्हणाला. "पण चोरीसारखे नाही चोरले."

"म्हणजे कसे?"

"शेठनं देल्ले होते. जाळाले. गोदामाच्या मागं नेऊन राखड कर म्हणे, माह्यासमोर धूर दिसला पाहिजे. म्या पाह्यलं तर एकोणीस पोते, एकालेही भोक नाही! दुर्गाबाई, तूच सांग, असा बारदाना जाळाले हात होते का? तणस पेटवलं, चार फाटके चिंधे टाकले. लय धूर झाला. शेठ खुश. पोते म्या घरी आणले."

"अन् धुतले काहून?"

"उग्र वास येत होता. मले वाटलं कीटकनाशकाचा हाये. धानाले लागंल म्हणून नदीवर दोन वेळा साबणानं धुतले. जिजाले चांगलेच देल्ले ना बाप्पा, खराब कसे देऊ?"

तो खरंच रडवेला झाला होता. दुर्गाबाई मात्र एकदम शांत झाली. तिच्या कानात शेठचा मघाचा गोड आवाज घुमत होता. *घरी नेऊ नका, जाळून टाका.*

"महागू, शेठच्या गोदामावर कुत्रे आहेत का रे?"

"दोन. वाघासारखे. शेठ सोताच्या हातानं भाकर चारते त्यायले."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यामागच्या खोलीत तिनं सुनीतीबाई आणि त्र्यंबकसमोर सगळं मांडलं. घाई केली नाही. ठिगळ लावताना जशी कड आधी दुमडून घेते, तशी एकेक गोष्ट घेतली.

"पोते धुतले तो चोर, असं मले पहिले वाटलं. ते चुकलं. धुणारा तर पोते वाचवून राह्यला होता. ज्याले भेव होतं, तो जाळाले सांगत होता. आपल्या मुलखात धडका, बिनभोकाचा बारदाना कोणी जाळत नाही, मॅडम. माणूस सोताची बैलबंडी जाळीन, बारदाना नाही. अन् एकच माणूस दोन वेळा जाळा म्हणाला. एकदा महागूले, एकदा मले."

"आणि कुत्र्याला भितो म्हणणारा दोन कुत्रे पाळतो," त्र्यंबक म्हणाला. "भीती कुत्र्याची नव्हती. मैनाच्या नाकाची होती. कपड्यांना वास असणार."

सुनीतीबाई विचारात पडल्या. "पण त्याची ढेपेची गाडी कितीदा इथून गेली! मैना एकदाही बसली नाही."

"मैनानं ती गाडी कधी हुंगली का?" दुर्गाबाईनं विचारलं.

सुनीतीबाईंनी नाक्याची वही ओढली, त्र्यंबकनं आपली डायरी काढली. एकीत गाड्यांच्या वेळा, दुसरीत मैनाच्या कामाच्या आणि आरामाच्या. दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवत गेले. शेठची गाडी महिन्यात अकरा वेळा गेली होती. अकराही वेळा मैना पडवीत झोपलेली होती.

त्र्यंबकनं कपाळावर हात मारला. "पडवी त्यानंच दिली. समोर त्याचं दुकान. मैनावर झूल पडली की तो फोन करत असणार. आणि मी त्याला रोज रामराम घालतो!"

"गोदामावर जाऊ?" त्यानं डायरी मिटत विचारलं.

"कळलं तर माल नदीत जाईल," सुनीतीबाई म्हणाल्या. "भरलेली गाडी धरली तर बोलायला जागा राहणार नाही. वहीच्या हिशेबानं गाडी आज जायची. पण मैना बाहेर असली तर ती येणार नाही, आणि मैना आत असली तर आपल्याला उपयोग नाही."

दुर्गाबाईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. तिच्या मागं मागं आलेला घरचा कुत्रा काळ्या नाक्याच्या खांबाशी पाठ घासत होता. अंगानं मैनाएवढाच, रंगानं तिच्यासारखाच, अकलेनं मात्र कोंबडीएवढा.

"हवालदार," ती म्हणाली, "ती हिरवी झूल कोणत्याही कुत्र्याले बसते का?"

६

महागूला त्या दिवशी शेठकडे कामाला जाऊ न देता जिजाबाईनं आपल्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं आणि स्वतः फाटकात खाट टाकून आडवी झाली. "उठला तर तंगडी तोडीन," एवढंच म्हणाली. महागू संध्याकाळपर्यंत शेंगा सोलत होता.

अकरा वाजता मैनाचं काम संपलं. त्र्यंबकनं तिला खोलीमागं नेलं. दोन मिनिटांनी खोलीच्या दुसऱ्या बाजूनं तो बाहेर आला. हातात पट्टा, पट्ट्याला हिरवी झूल पांघरलेला काळ्या. मैना आत सुनीतीबाईंच्या टेबलाखाली बसली होती.

रस्ता ओलांडायची वीस पावलं. पण काळ्यानं आयुष्यात कधी पट्टा पाहिला नव्हता. दहाव्या पावलाला तो खाली बसून कान खाजवू लागला. शेठ दुकानाच्या दारात उभा होता.

दुर्गाबाई खोलीच्या खिडकीतून पाहत होती. वीरेंद्र तिच्या मागं उभा होता. "आई," तो कुजबुजला, "तो कोंबडी पाहून राह्यला."

खरंच एक कोंबडी रस्ता ओलांडत होती. काळ्याचे कान उभे राहिले. त्र्यंबकनं पट्टा आखडला, छाती पुढे काढली आणि पलटणीत शोभेल अशा आवाजात ओरडला, "मैना! सावधान!"

काळ्या दचकला. इतक्या अदबीनं त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं. तो मुकाट्यानं पडवीत गेला आणि तणसावर अंग टाकून दिलं. त्र्यंबकनं झूल कानापर्यंत ओढली.

शेठनं खिशातून फोन काढला.

पंधरा मिनिटांत ढेपेची गाडी आली. चालक हात वर करून ओळखीचं हसला. नाक्याचा अडसर उठला नाही. खोलीचं दार उघडलं आणि मैना बाहेर आली, झुलीशिवाय, शेपूट सरळ. एक फेरी. ढेपेचा वास नाक्यावर भरून राहिला होता. मैना गाडीच्या डाव्या बाजूला थांबली, नाक वर केलं आणि बसली.

त्र्यंबक चार पावलं मागं सरला. "मॅडम, माझं काम झालं. आता तुमचं."

ढेपेच्या वरच्या दोन थरांखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गठ्ठे निघाले. मोजता मोजता दुपार झाली. शेठ मागच्या दारानं निघाला होता, पण तिथं पोलीस उभे होते. त्याला रस्त्यानं आणलं तेव्हा तो दुर्गाबाईसमोर क्षणभर थांबला.

"पोते जाळाले सांगतले होते म्या," तो पुटपुटला. "एवढंच काम सांगतलं होतं."

"शेठ," दुर्गाबाई म्हणाली, "तुमचा धंदा चांगला होता. हमाल मात्र शेतकऱ्याचा पोरगा ठेवला तुमी."

७

बारसं ठरल्या दिवशी झालं. व्याही गोंदियाहून दोन जीप भरून आला आणि जिलबीचा पहिला तुकडा त्यानं जावयाच्या तोंडात घातला. महागूनं पोलिसांत साक्ष दिली. एकोणीसही पोती पुराव्यात गेली, त्याचं त्याला फार वाईट वाटलं. पाळण्याशी गाणी म्हणायला जिजाबाई पुढे होती. नातीचं नाव अपेक्षा ठेवलं.

त्या दिवशी मैनाचा महिनाही भरला. गाडीत बसण्याआधी त्र्यंबक तिला घेऊन मांडवात आला. दुर्गाबाईनं मैनाला कुंकू लावलं, त्र्यंबकच्या हातात चिन्नोरची पिशवी दिली. काळ्याला त्या दिवसापासून पट्ट्याचा नाद लागला. कोणी दोरी हातात घेतली की तो तिच्याखाली येऊन उभा राहायचा.

पुढच्या वर्षी मैना नोकरीतून निवृत्त झाली. अशा कुत्र्यांना आता चांगलं घर शोधून देतात. त्र्यंबकनं दुर्गाबाईला विचारलं, तिनं अर्जावर एकेक अक्षर जोडत स्वतः सही केली. मैना राजेगावला आली. अपेक्षा तिचे कान धरून उभं राहायला शिकली. घरात गादी दिली तरी मैना झोपायची ओट्यावर, दुर्गाबाईच्या शिवायच्या पोत्यांच्या थरावर. नवा बारदाना आला की एकदा हुंगायची, आणि न बसता पुढे जायची. तेवढ्यानं दुर्गाबाईचं समाधान व्हायचं.

मैना रविवारी, ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी त्याच थरावर झोपेत मेली. ती दहा वर्षांची होती. दुर्गाबाईनं तिला एका कोऱ्या, बिनठिगळाच्या पोत्यात गुंडाळून बांधावर पुरलं.